सामुदायिक ध्यान आणि विश्वशांती

गेल्या एकादशीस सात रस्त्यावर आमच्या मंडळींचा हरिपाठ आटोपला, तोच एका तरुण माळकऱ्याने प्रश्न काढला, "माउली, हजारो माणसे एका वेळी ध्यानाला बसली तर जगातली युद्धे थांबतात म्हणे. मग आपण का बसू नये?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. महर्षी महेश योगी यांच्या अनुयायांचे म्हणणे असे की, लोकसंख्येच्या एक टक्क्याचे वर्गमूळ काढावे; तितके साधक त्यांच्या पद्धतीने एकत्र ध्यानास बसले की समाजातील हिंसा उतरते. १९९३ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी सुमारे ४,००० साधक याच हेतूने जमले होते. गुन्हे घटले, असे आकडे त्यांनी मांडले. दुसऱ्या अभ्यासकांनी ते मानले नाहीत. तो वाद विद्वानांनी करावा. हिशेब मात्र आपल्यालाही करता येतो. जगाची वस्ती आज ८०० कोटींवर गेली. त्या सूत्राने ९,००० माणसे पुरेत. अहो, आषाढीला पंढरीत लाखांनी वैष्णव जमतात, आणि सगळ्यांच्या मुखी एकच नाम! नुसत्या संख्येने भागत असते, तर दर आषाढीला तोफा मुक्या झाल्या असत्या. आमची पद्धत निराळी, असे ते म्हणतील. म्हणोत बापडे.

मग आपले एकत्र येणे वाया गेले काय? मुळीच नाही. वारीत थोर लहानाच्या पाया पडतो. ही सवय अंगात मुरली म्हणजे माणूस दुसऱ्यावर हात उचलताना थबकतो. खोलीत एकट्याने बसून हे साधत नाही. त्याला समोर दुसऱ्याचे पाय लागतात.

परंतु एक गोष्ट लपवू नये. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि त्यांच्या जातीच्या लोकांस शतकानुशतके आत मज्जाव होता. बाहेर दिंड्या नाचत होत्या, नाम गर्जत होते. दार काही उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणास बसले, तेव्हा ते उघडले. विरोध करणाऱ्यांत माळ घातलेलेही होते, हे सांगताना जीभ अडखळते. पुढे १९५८ साली विनोबा निरनिराळ्या धर्मांची माणसे बरोबर घेऊन विठ्ठलाच्या दर्शनास गेले.

नाम गुरुजींच्याही मुखी होते आणि आमच्या वाडवडिलांच्याही. वाडवडिलांना ते स्वस्थ बसू देत होते, गुरुजींना देईना.

ज्ञानोबामाउलींनी विश्वासाठी पसायदान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातले वाकडेपण जावे, एवढेच मागितले. आणि आमच्या आळीत? नळाला पाणी आले की सकाळी हंड्यांवरून जुंपते, आणि संध्याकाळी तीच मंडळी एका सुरात हरिपाठ म्हणतात. त्यांत मीही आलोच.

तेव्हा त्या तरुणाला म्हटले, "बसू या रे बाबा, जरूर बसू. पण डोळे मिटण्याआधी शेजारी कोण बसलाय ते पाहू. ज्याच्याशी बोलणे टाकलेय त्याच्या आधी पाया पडू, मग बसू."

एक जुने वारकरी तिथल्या तिथे म्हणाले, "मग निम्मे लोक यायचेच नाहीत."

खरे असेल. तरी येत्या एकादशीस हरिपाठानंतर अर्धा तास बसायचे ठरले आहे.