वाणीचें ऋण

मनुष्य देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें घेऊन जन्मास येतो, असें आपल्या पूर्वजांनीं मानिलें. या हिशेबांत मूल हें ऋणको आणि आईबाप हे धनको. परंतु वाणीच्या ऋणांत हें नातें उलटें होतें. ऐकत्या मुलाच्या बाबतींत तें इतकें सहज फिटतें कीं, तें आपणांवर होतें याचीहि जाणीव राहत नाहीं. मूल जन्मतः बहिरें असलें म्हणजे मात्र त्याचा आंकडा एकदम डोळ्यांपुढें उभा राहतो.

विज्ञानानें या ऋणाचा कांहीं भार उचलला आहे. १९७८ सालीं मेलबर्न येथें डॉ. ग्रेम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रांचें कॉक्लियर इम्प्लांट एका प्रौढ रुग्णाच्या कानांत बसविलें. हें यंत्र बाहेरचा ध्वनि टिपून त्याचे विद्युत्संकेत थेट श्रवणतंतूस पोंचवितें. आपल्या देशांत २०१४ पासून केंद्र सरकारच्या साहाय्य-योजनेंत गरीब घरच्या लहान मुलांसाठीं त्याची तरतूद झाली.

तथापि यंत्र नाद देतें; भाषा देत नाहीं. निरोगी कानांतील हजारों केशपेशींचें काम येथें बारा ते बावीस विद्युदग्रांना करावें लागतें. 'घरांत', 'घरावर', 'घराला' यांतला भेद शेवटच्या हलक्या अक्षरांत असतो, आणि मराठीचें बरेंचसें व्याकरण अशाच अक्षरांवर उभें आहे. तीं अक्षरें अर्थासह पुनःपुन्हा कानीं पडलीं तरच अंगवळणीं पडतात. अमेरिकेंत १८८ मुलांचा तीन वर्षें अभ्यास होऊन २०१० सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इम्प्लांट जितकें लवकर आणि आईबापांचा मुलाशीं संवाद जितका सकस, तितकी भाषेची वाढ वेगवान, असें त्यांत आढळलें.

येथें खरा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. आपण मुलाला भाषा देतों तें दान कीं ऋणफेड? दान मानिलें तर दाता परतफेडीची वाट पाहूं लागतो. मग "हें काय? तें काय? म्हण पाहूं!" अशी दिवसभर परीक्षा चालते, आणि न बोललेला प्रत्येक शब्द हा मुलाचा अपराध ठरतो. ऋण मानिलें तर दृष्टि पालटते. भाकरी थापतां थापतां तिच्याविषयीं बोलणें, मुलाचा अर्धामुर्धा शब्द उचलून त्याचें वाक्य करून परत देणें, त्याच्या बोलण्याची वाट पाहणें, ही रोजची फेड होय.

फेड खऱ्या नाण्यांत व्हावी लागते. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत कोणाच्या घरीं मराठी, तर कोणाच्या घरीं दखनी उर्दू नांदते. पुढें उपयोगी पडेल म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजींत मुलाशीं बोलणारे आईबाप त्याला खोटें नाणें देतात. ज्या भाषेंत आई रागावते, हसते आणि थट्टा करते, तीच तिची खरी पुंजी.

तसेंच, नाणें धनकोला घेतां आलें पाहिजे. १८८० च्या मिलान परिषदेनें शाळांतून खुणांच्या भाषेला हद्दपार करण्याचा ठराव केला. खुणा आल्या कीं वाचा मागें पडते, ही भीति आजहि घरोघर आहे. परंतु यंत्र बसविण्यास उशीर झाला, किंवा बसवूनहि शब्द नीट पोंचेनात, तर त्या मुलानें कोणत्याच भाषेवांचून कां बसावें? भारतीय सांकेतिक भाषेसाठीं २०१५ सालीं दिल्लींत स्वतंत्र संस्था निघाली. त्या भाषेलाहि व्याकरण आहे आणि तींतूनहि आई मुलाला गोष्ट सांगूं शकते.

शेवटीं, हें ऋण एकट्या आईच्या नांवावर मांडणें अन्यायाचें होईल. वर सांगितलेल्या अभ्यासांत कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीचाहि भाषेच्या वाढीशीं संबंध दिसून आला. मराठवाड्यांतून ऊसतोडीस जाणारी माता पहाटेपासून फडांत राबते. "मुलाशीं बोलत जा" हा उपदेश तिला करणें सोपें आहे, तिला तेवढी उसंत मिळवून देणें कठीण. यंत्रासाठीं लाखों रुपये देणाऱ्या समाजानें, त्यानंतरच्या शिकवणुकीची सोय तिच्या गांवापर्यंत आणि फडापर्यंत नेली नाहीं, तर त्यानें आपल्या वांट्याचें ऋण अर्धेंच फेडलें असें म्हणावें लागेल. घरीं त्या मुलाशीं आईनें बोलावें हें जितकें खरें, तितकेंच शेजाऱ्यानें, दुकानदारानें आणि शिक्षकानेंहि त्याच्याकडे तोंड करून, सावकाश आणि मनापासून बोलावें, हेंहि खरें आहे.