फावल्या वेळाचे मोल

नाताळची सुट्टी लागली म्हणजे पुष्कळ ख्रिस्ती घरांतून हातकामाची पेटी बाहेर निघते. क्रोशाच्या सुया, लोकरीचे उरलेले गुंडे, भरतकामाची लाकडी रिंग, रंगीत दोऱ्यांच्या लडी आणि गेल्या वर्षी अर्धवट राहिलेला एखादा टेबलक्लॉथ पुन्हा हाती घेतला जातो. नागपूर, इंदूर किंवा दिल्लीकडे राहणाऱ्या कुटुंबांत स्वेटर आणि कानटोपी ह्यांना मान असतो. मुंबई-वसईकडे थंडी नावापुरती, म्हणून तेथे सुती दोऱ्याचे काम अधिक. मुले रंगीत कागदाचे तारे चिकटवतात, गव्हाणीच्या देखाव्यासाठी पुठ्ठा आणि गवत गोळा करतात. फराळाचे काम आटोपून दुपार निवांत झाली, की दोन-चार जणी उन्हात बसून विणू लागतात आणि बोलता बोलता ओळीमागून ओळ पुरी होते. हे दृश्य इतके परिचित आणि निरागस आहे, की त्यात एखादा नैतिक प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तरीही प्रश्न आहे. हाताने केलेल्या वस्तूचे मोल कोणते, आणि ते कोणी ठरवावे?

ह्या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर बाजाराचे. दुकानात तयार स्वेटर मिळतो, तो स्वस्त असतो आणि बहुधा अधिक सफाईदारही असतो. मग महिनाभर सुया चालवण्यात काय अर्थ? दुसरे उत्तर घराचे. आजीने नातवासाठी विणलेला स्वेटर पैशांत मोजायचा नसतो. तो अनमोल असतो. आपल्यापैकी बहुतेकांना दुसरे उत्तर पटते, आणि ते पटावे हे योग्यच आहे. परंतु ‘अनमोल’ हा शब्द जरा जपून वापरावा असा आहे. ज्याची किंमत करता येत नाही ते अनमोल. आणि ज्याची किंमत कोणी करतच नाही ते बिनमोल. दोन्ही शब्दांत पैशांचा उल्लेख टळतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा केव्हा येऊन बसला हे कळत नाही. स्वतः दिलेल्या वस्तूला आपण अनमोल म्हणतो आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या तशाच वस्तूला, नकळत, बिनमोल ठरवतो. ह्या ठिकाणी विवेकाची परीक्षा सुरू होते.

हातकामाचे एक वैशिष्ट्य आहे. त्यात घातलेला वेळ लपत नाही. क्रोशाच्या जाळीतील प्रत्येक खांब कोणीतरी एकेक करून घातलेला असतो. भरलेल्या फुलाच्या पाकळीतील टाके मोजता येतात. मनुष्याचे आयुष्य तासांनीच बनलेले आहे. तेव्हा पंचवीस तास खर्चून केलेला रुमाल जेव्हा कोणी दुसऱ्याच्या हाती ठेवते, तेव्हा ती व्यक्ती आपल्या आयुष्याचे पंचवीस तास त्याला देत असते. हा केवळ अलंकार नाही. ते तास पुन्हा मिळणारे नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माचा वृत्तान्त अगदी थोडक्यात आहे. पण त्या थोड्या शब्दांतही मरीयेने बाळाला कापडात गुंडाळल्याचा उल्लेख राहिला आहे. नवजात ख्रिस्ताच्या अंगाला मानवी हातांनी घडवलेली जी पहिली वस्तू लागली ती कोणीतरी विणलेले कापड होती. त्याच्या ऐहिक आयुष्याच्या शेवटीही एका वस्त्राचाच उल्लेख येतो. योहान सांगतो, की त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता आणि तो फाडू नये म्हणून शिपायांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. त्या शिपायांना कापडाचे मोल कळले होते. विणणाऱ्या हातांचा विचार त्यांनी केला असेल असे वाटत नाही. ते कापड आणि तो अंगरखा कोणी विणला, हे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही.

अशा निनावी हातांचा इतिहास आपल्या देशातही आहे, आणि त्याचा ख्रिस्ती मंडळीशी जवळचा संबंध आहे. दक्षिण त्रावणकोरात, म्हणजे आजच्या तमिळनाडूतील नागरकोइल येथे, १८१९ साली लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स मॉल्ट आणि त्यांच्या पत्नी मार्था मॉल्ट आले. मार्थाबाईंनी मुलींसाठी निवासी शाळा चालवली आणि १८२०च्या दशकात त्या मुलींना लेस विणण्यास शिकवले. भरीव उशीवर नमुना ठेवून, टाचण्या टोचून, लहान लाकडी रिळांवरचे दोरे एकमेकांत ओवीत ही लेस करतात. त्या काळी त्रावणकोरात गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८५५ साली संपुष्टात आली. तत्पूर्वीच काही गुलाम मुलींनी लेसच्या कमाईतून आपली सुटका विकत घेतली, असे मिशनच्या इतिहासात नमूद आहे. ज्या मुलीच्या देहावर दुसऱ्याची मालकी होती, तिच्या बोटांतील कसबाची किंमत तिच्या स्वतःच्या हाती पडली आणि तिचे आयुष्य पालटले. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन वाढवले, तेव्हा निराधार स्त्रियांना अक्षरांबरोबर विणकाम, शिवणकाम आणि इतर व्यवसाय शिकवण्यामागे हीच दृष्टी होती. हाताला काम आणि त्या कामाचा मोबदला मिळाल्यावाचून स्त्रीला आपल्या पायांवर उभे राहता येत नाही, हे त्यांनी जाणले होते.

आता दुसरे उदाहरण पाहू. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते, तेथे तिच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मिशनरी कुटुंबांनी गरीब ख्रिस्ती स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू निःसंशय दयेचा होता. पुढे हे काम आसपासच्या गावांत आणि इतर जातींच्या स्त्रियांत पसरले, व्यापाऱ्यांच्या हाती गेले आणि लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस ह्यांनी ह्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून दिसलेले चित्र विचार करायला लावणारे होते. दलाल घरी सूत आणून देई आणि झालेली लेस घेऊन जाई. एक बाई फुले विणी, दुसरी ती जोडी. पुरा झालेला टेबलक्लॉथ कोठे जातो आणि काय भावाने विकला जातो, हे विणणारीला ठाऊक नसे. रोज कित्येक तास काम करूनही तिची कमाई शेतमजुरीच्या किमान दरापेक्षा पुष्कळ कमी होती.

असे का व्हावे? काम कठीण होते, कसब उत्तम होते, मालाला गिऱ्हाईकही होते. कारण एकच, की ह्या कामाला कोणी काम मानीत नव्हते. बाई घरात असते, फावल्या वेळात बसल्या बसल्या सुई चालवते, त्यात तिचे काय जाते? व्यापारी असे म्हणत, घरचे पुरुष असे म्हणत आणि कित्येकदा ती स्वतःही असेच म्हणे. जो वेळ ‘फावला’ ठरला त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. सुई आणि दोरा ही साधने दोन्ही ठिकाणी साधीच होती आणि शिकवणाऱ्यांचा सद्भावही सारखाच होता. नागरकोइलच्या त्या मुलींच्या तासांची किंमत त्यांच्या पदरी पडली. नरसापूरच्या स्त्रियांचे तास कोणी मोजलेच नाहीत. नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. गावाच्या नावाला मान मिळाला. तसा तो विणणारीच्या तासालाही मिळेल तेव्हाच त्या मानाला पूर्णता येईल.

वाचकहो, हे सारे नाताळच्या सुट्टीशी कसे जोडलेले आहे? ते असे, की सुट्टीत हौसेने विणणाऱ्या व्यक्तीला एक ज्ञान मिळते, जे केवळ खरेदी करणाऱ्याला नसते. एका ओळीला किती वेळ लागतो, चूक झाली तर किती उसवावे लागते, दोन तासांनी मान कशी भरून येते आणि दिवेलागणीनंतर बारीक टाके डोळ्यांना कसे झोंबतात, हे तिच्या हातांना आणि डोळ्यांना ठाऊक असते. हे ज्ञान जबाबदारी घेऊन येते. प्रदर्शनात क्रोशाचा एखादा रुमाल चारशे रुपयांना दिसला, तर तिने क्षणभर थांबून हिशेब करावा. समजा, तो करायला पंचवीस तास लागले. तासाला केवळ पन्नास रुपये धरले तरी मजुरी साडेबाराशे होते. सूत आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. मग चारशे रुपयांत हे कसे बसले? वस्तू यंत्रावर झाली असेल. नसेल, तर कोणाच्या तरी तासांची किंमत दिली गेलेली नाही. ज्याला विणता येत नाही तो म्हणेल, मला काय कल्पना! जिला विणता येते तिला तसे म्हणता येणार नाही. आणि त्या चारशे रुपयांतही ती घासाघीस करू लागली, तर आपल्याच हातांनी दिलेली साक्ष ती नाकारते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की प्रत्येक टाक्याचा हिशेब मांडू लागलो तर प्रेमाला जागा कोठे उरली? भेट आणि मजुरी ह्यांत काही फरक करणार की नाही? फरक अवश्य करावा; किंबहुना तो करता यावा म्हणूनच हिशेब हवा. ज्या तासांना मुळीच मोल नाही ते देण्यात त्याग कसला? आजीचे तास मोलाचे आहेत, आणि तरीही ती ते नातवाला मोकळ्या मनाने देते, म्हणून तो स्वेटर भेट ठरतो. देणे हे देणाऱ्याच्या इच्छेने घडते. दुसऱ्याच्या वतीने त्याचा वेळ आपण दान करून टाकू शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत यापोच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसची, हकिकत आहे. तिच्या मृत्यूनंतर विधवा पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. शिवणारी देणारी होती आणि घेणाऱ्या गरजू होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. टबीथेने विधवांसाठी शिवले. तिने विधवांकडून फुकट शिवून घेतले नाही.

ह्याच कसोटीवर आपले नेहमीचे व्यवहार घासून पाहावे. नात्यातील एखाद्या मावशीच्या हातात कला आहे, म्हणून डिसेंबर आला की सगळे तिला म्हणतात, “मावशी, बसल्या बसल्या आमच्यासाठीही एक करा ना!” मावशीला नाही म्हणवत नाही. तिच्या सुट्टीच्या दुपारी अशा रीतीने वाटल्या जातात आणि त्या परत कोणी देत नाही. मंडळीच्या महिला मंडळाची विक्री असते. तेथे सुस्थितीतील भगिनी हौसेने वस्तू करून देतात, तशी कष्टाने घर चालवणारी एखादी भगिनीही संकोचाने देते. दोघींच्या वस्तू एकाच मेजावर असतात, पण दोघींचे देणे सारखे नसते. निदान दुसरीला सुताचे पैसे देण्याची आणि तिची इच्छा असेल तर मजुरी देण्याची रीत मंडळाने ठेवावी. साडीला हाताने फॉल लावून देणारी शेजारीण, सणाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत मशिनवर बसलेला शिंपी, ह्यांचे पैसे ‘सण झाल्यावर’ देण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा आहे. आपला सण आनंदात जावा म्हणून ज्याने काम केले, त्याच्या घरी सण उधारीवर का असावा?

ह्याचा अर्थ हातकाम सोडून द्यावे असा मुळीच नाही. उलट ते अधिक आवडीने करावे आणि मुलांनाही शिकवावे. मुलींना आणि मुलग्यांनाही. ज्या मुलाने एका सुट्टीत एक साधा मफलर पुरा केला, त्याला श्रमाविषयी दहा उपदेशांनी कळणार नाही इतके कळते. वस्तू आपोआप तयार होत नाहीत, तिच्यामागे कोणीतरी बसलेले असते, हे तो पुढे विसरत नाही. सुट्टीतील हौस त्याला अशा रीतीने न्यायाच्या वाटेवर आणून सोडते.

म्हणून ह्या नाताळात आपण दोन गोष्टी कराव्या. आपल्या हातांनी काही देत असू तर ते मोजून नव्हे, पण मोल जाणून द्यावे. आणि दुसऱ्याच्या हातांचे काही घेत असू तर त्याला अनमोल म्हणून गौरवण्याआधी त्याची किंमत विचारावी, आणि ती पुरी चुकती करावी.