वाचता येणं, नापास होणं

‘असर’ या वार्षिक पाहणीची पद्धत अनेकांना ठाऊक असेल. स्वयंसेवक गावातल्या घरी जातो, ओट्यावर मुलाशेजारी बसतो आणि त्याच्यापुढे एक कागद ठेवतो. कागदावर सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल जिथपर्यंत पोहोचेल तिथे खूण करायची. गणिताचाही असाच कागद. एका गावात २० घरं, एका जिल्ह्यात ३० गावं. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ साली हे सुरू केलं. २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता आली. बाकीच्यांना आली नाही.

हा आकडा नेमका कुणाविषयी आहे? मुलांविषयी, शाळेविषयी, की सरकारविषयी? प्राथमिक शाळेतल्या चाचण्यांबद्दल बरंच बोललं जातं. त्यांचा ताण येतो, घोकंपट्टी वाढते, मुलांचं बालपण हरवतं वगैरे. ते खरंही असेल. मला मात्र आधी हा प्रश्न पडतो, आणि तो पडण्याचं कारण माझा भाषांतराचा धंदा असावा. कोणतंही वाक्य हाती आलं की ते कोण कुणाला म्हणतंय हे आधी शोधायची सवय लागलेली असते.

गणिताच्या कागदावरची साधी संख्या घेऊ. ६९. मुलाने ती ओळखून म्हणायची. कन्नड मूल म्हणतं, ‘अरवत्तोंबत्तु’: साठ आणि नऊ. डोळ्यांना जे आधी दिसतं तेच तोंडात आधी येतं. मराठी मुलाला मात्र सहा दिसत असताना सत्तर आठवावे लागतात आणि त्यांतून एक वजा करावा लागतो: एकोणसत्तर. ६७ ला ‘सदुसष्ट’, म्हणजे सात आधी, साठ नंतर, आणि दोघांचेही चेहरे बदललेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ सात’ अशी जोड दिली, तेव्हा त्याची चेष्टा थेट विधानसभेपर्यंत गेली. भाषा बिघडते आहे, असा सूर होता. सदुसष्ट मलाही प्रिय आहे. पण सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन मुलांना एकच संख्या दाखवून ‘प्रमाणित’ चाचणी घेतली, असं म्हणणाऱ्याने एवढं तरी मान्य करावं, की दोघांना दिलेलं काम एक नाही.

नेमक्या याच दोन भाषांत एका माणसाने हे काम फार पूर्वी केलं होतं. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-सिमाँ यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचं ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक १९४० साली आलं. प्रश्नांचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. बिनेच्या चाचणीत प्रत्येक प्रश्न एकेका वयाला बांधलेला असतो: त्या वयाच्या बहुतेक मुलांना जो जमतो तो त्या वयाचा प्रश्न. भाषा बदलली की वयही सरकू शकतं, म्हणून इथल्या मुलांना पुन्हा विचारून पाहावं लागतं. कवितेच्या भाषांतरकाराला अशी सोय नसते, याचा मला थोडा हेवा वाटतो.

पण या चाचणीचं पहिलं मोठं भाषांतर इतकं सरळ झालं नव्हतं. आल्फ्रेड बिने यांना पॅरिसमध्ये १९०४ साली एक व्यावहारिक काम मिळालं होतं: नेहमीच्या वर्गात जी मुलं मागे पडतात, ज्यांना वेगळी मदत लागेल, ती ओळखायची. १९०५ साली सिमाँबरोबर त्यांनी चाचणी तयार केली. मुलाची बुद्धी म्हणजे कायमची ठरलेली राशी, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हतं. १९०८ साली अमेरिकेतले हेन्री गॉडार्ड ती चाचणी युरोपातून घेऊन गेले आणि त्यांनी तिचं इंग्रजी केलं. गॉडार्ड आनुवंशिकतेवर विश्वास ठेवणारे. त्यांच्या हातात चाचणीचे प्रश्न जवळपास तेच राहिले, पण त्यांतून निघणाऱ्या उत्तराचा अर्थ पालटला. ‘या मुलाला काय द्यावं लागेल?’ या प्रश्नाच्या जागी ‘हे मूल काय आहे?’ हा प्रश्न आला. बिने १९११ मध्ये वारले. शब्दाला शब्द बरोबर, आणि तरी मूळ म्हणणं नाहीसं, अशी भाषांतरं आपण पाहिलेली असतात. त्यांतलं इतकं दूरवर परिणाम करणारं दुसरं मला आठवत नाही.

मग चाचण्या नकोतच, असं म्हणावं का? हे म्हणणं सोपं आहे, आणि ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला जास्तच सोपं. आपलं मूल वाचतं की नाही हे आपल्याला रोज रात्री कळतं. त्यासाठी जिल्ह्यातल्या ३० गावांची पाहणी लागत नाही. पण जिथे आईवडिलांनाच वाचता येत नाही, तिथे मूल रोज शाळेत जातं, वह्या भरतात, दरवर्षी वरच्या वर्गात नाव चढतं, आणि आत काय झालं हे कुणालाच दिसत नाही. पटावरची संख्या छान दिसत असते. ‘असर’ने ती छान संख्या मोडली, आणि ती मोडणं हे माझ्या मते नैतिक काम होतं. न मोजण्यातही एक प्रकारची बेपर्वाई असते. ती दयेसारखी दिसते, इतकंच. शिवाय ही नमुना-पाहणी आहे. ओट्यावर बसलेल्या मुलाच्या हाती गुणपत्रिका येत नाही, गावात कुणाचा नंबर लागत नाही. कागद मुलासमोर ठेवलेला असतो, पण उत्तर द्यायचं असतं दुसऱ्याच कुणाला.

इथे मराठीचा एक प्रयोग मला लक्षात घ्यावासा वाटतो. ‘मुलीला वाचता येतं.’ ‘मला पोहता येतं.’ कौशल्याबद्दल बोलताना आपण माणसाला कर्त्याच्या जागेवर बसवत नाही. वाचणं कुठून तरी येतं, आणि मूल ते येण्याची जागा असतं. हिंदीत ‘पढ़ना आता है’, कन्नडमध्येही तसंच. आपल्याकडे ‘शकणं’ आहे, पण पोहण्या-वाचण्याबद्दल सहज बोलताना जिभेवर ‘येणं’च येतं. इंग्रजीतला ‘कॅन’ मात्र सगळं सामर्थ्य त्या मुलाच्या नावावर टाकतो. ‘वाचता येत नाही’ असं मराठीत म्हटलं, की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहायला हवा: मग ते अडलं कुठे? तो उभा राहतोच असं नाही. व्याकरणाने माणसं शहाणी झाली असती तर याच भाषेने अख्ख्या एका अक्षराला, बिचाऱ्या ‘ढ’ला, शिवी केलं नसतं.

आणि निकालाच्या दिवशी तर व्याकरणच फिरतं. ‘त्याला येत नाही’चं ‘तो नापास झाला’ होतं. अर्धा फारसी, अर्धा इंग्रजी असा हा शब्द, आणि तोच मुलाला उचलून कर्त्याच्या जागी नेऊन बसवतो.

शिक्षणहक्क कायद्यात २००९ साली आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा आली आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्रासह काही राज्यांनी ठेवायचं ठरवलं. आधीच्या धोरणात मुलं न शिकताच पुढे जात होती, ही तक्रार खरी होती आणि ‘असर’च्या आकड्यांनी तिला बळ दिलं. म्हणजे जो आकडा शाळेला आणि सरकारला उद्देशून होता, त्याचा पत्ता मधल्या वाटेत बदलला आणि तो दहा वर्षांच्या मुलाच्या दारात जाऊन पडला. गॉडार्डने केलं त्याहून हे फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. पाच वर्षं ते मूल शाळेत बसलं होतं, हजेरी लागली होती, माध्यान्ह भोजन झालं होतं. वाचणं आलं नाही. आता ज्या वर्गात ते आलं नाही त्याच वर्गात, बहुधा त्याच बाईंपुढे, त्याच पुस्तकासह ते आणखी एक वर्ष बसणार. त्या वर्षात काय वेगळं होणार, हे कुठल्या निकालपत्रावर लिहिलेलं नसतं.

कायद्यात एक ओळ आहे खरी. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी द्यायची आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची. ती फेरपरीक्षा कुणी घेतली, कधी घेतली, किती मुलं पास झाली, याच्या नोंदी होतील. पण ती शिकवणी कोण देणार, किती दिवस देणार, सुट्टीत शाळेचं कुलूप कोण उघडणार, आणि कुणीच उघडलं नाही तर नापास कोण?