गड कोणाचा?

बेळगावच्या दक्षिणेस येळ्ळूरनजीक राजहंसगड उभा आहे. रविवारी पहाटे शहरातील तरुण मंडळी सायकलीवरून तिकडे जातात. पावसाळ्यात तर केवळ ढग पाहण्यास गर्दी लोटते. गडावर सिद्धेश्वराचे देऊळ आहे, तथापि कित्येक जण देवळावरून तसेच पुढे बुरुजाकडे वळतात. देवस्थानाचे क्रीडास्थान झाले, असे वडीलधारी मंडळी खेदाने म्हणतात.

आम्हांस हे सर्वस्वी पटत नाही. जोतिबा काय, जेजुरी काय, आपले देव उंचावर वसले आणि चढणीचे श्रम हाच पूजेचा आरंभ मानला गेला. आता मोटारी वरपर्यंत पोहोचतात. मग घाम गाळीत येणारा तरुण, त्याने हात न जोडले तरी, मोटारीतून उतरून नारळ फोडणाऱ्याहून जुन्या यात्रेकरूस अधिक जवळचा नव्हे काय? (आमच्या घरी हे वाक्य रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.)

परंतु सीमाभागात गड नुसता डोंगर राहत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे 'गडावर जातो' म्हणताना मराठी मुलाच्या मनात व्यायामाहून निराळे काही असते, आणि ते राजकारणी पुरुष ओळखतात. मार्च 2023 मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असता, येथील शिवछत्रपतींच्या एकाच पुतळ्याचे अनावरण काही दिवसांच्या अंतराने दोनदा झाले. एकदा सत्तेवरील पक्षाकडून, एकदा विरोधकांकडून. महाराजांस एवढी घाई खचितच नव्हती.

सीमेचा न्याय न्यायालयाने करावा; तो हक्क आम्ही सोडीत नाही. पण गडाचा आरंभ सौंदत्तीच्या रट्टांकडे दिला जातो, मागून आदिलशाही आली, मग मराठे आले. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतील जिंजी तामिळनाडूत आहे. राजाराम महाराजांनी तेथून राज्य राखले हे सांगावयास कोणाची सीमा हलवावी लागली नाही, आणि आज तिच्या पायऱ्या चढणारे बहुतेक लोक तमिळ बोलतात. मग राजहंसगडाच्या तटावर शेजारी कोणी कानडी बोलला, तर आपला कपाळशूळ का उठावा?

येत्या श्रावणी सोमवारी सभासदांनी वाहने येळ्ळूर गावातच ठेवून पायी चढावे, अशी आमची सूचना आहे. वृद्धांसाठी एखादी गाडी वर नेता येईल.