नाक्यावरचा अपमान

रात्री रस्त्यावर पोलिसांनी अडथळे लावून नाकाबंदी केलेली असते. शिट्टी वाजते, गाडी बाजूला घ्यावी लागते. "लायसन दाखवा. आता या नळीत फुंका." ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, त्याच्या मनात येते, 'मी काय गुन्हेगार आहे?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निरपराध माणसाला संशयसुद्धा बोचतो.

पण मास्तरकी करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. वर्गात कोणाचे पैसे हरवले आणि एकाच मुलाचे दप्तर तपासले, तर ते पोर तो अपमान जन्मभर विसरत नाही. आणि ते बहुधा फाटक्या सदऱ्याचेच असते. सगळ्यांची दप्तरे उघडली, तर डाग कोणालाच लागत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाच भेद केला आहे. निव्वळ लायसन पाहण्यासाठी पोलिसाने मनास येईल ती गाडी अडवावी, हे १९७९ साली डेलावेअरच्या खटल्यात त्याने अमान्य केले. उलट १९९० साली मिशिगनमधला, येणारी प्रत्येक गाडी थांबवणारा नाका मान्य केला. त्या नाक्यावर १२६ गाड्या थांबल्या, प्रत्येकीचे सरासरी २५ सेकंद गेले, आणि दोन मद्यपी चालकांना अटक झाली. कोणाच्या तरी घरचा माणूस सुखरूप परतावा म्हणून २५ सेकंद देणे काही फार नव्हे.

मात्र नाक्याची सारी नीती त्या 'प्रत्येक' शब्दात आहे. मोठ्या गाडीला सलाम आणि दुधवाल्याच्या मोटारसायकलला दरडावणी, असे झाले की उरलेल्या सर्वांचा खरा अपमान सुरू होतो.

आणि नाका लागतो तो घर सुटल्यावर. पाहुण्याला "आणखी एकच घ्या" म्हणून आग्रह करणारा यजमान, पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने स्कूटरची किल्ली देणारा बाप, यांना कोणता पोलीस अडवणार? २०१९ च्या दुरुस्तीने कायदा त्या बापापर्यंत पोचला आहे : अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पण ती शिक्षा गुन्हा घडून गेल्यावरची. दिवाळीत पाहुणा उठताना किल्ली मागून घ्यावी, त्याला राहवून घ्यावे. तो रागावेल, रागावू द्यावे.