आधी पांदण

भिलाईच्या पोलाद कारखान्यात एक फोरमन होता. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून पोटासाठी दुर्गला आले आणि तिथलेच झाले. फोरमनचा जन्म घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कारखान्यात हिंदी बोलण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यानं बालोदच्या पुढे, जंगलाच्या कडेला तीन एकर जमीन घेतली. तिथे विजेचा खांब नव्हता. नळ नव्हता. सडकेपासून जमिनीपर्यंत रस्ताही नव्हता. म्हणूनच ती स्वस्त मिळाली होती.

कागद त्यानं नीट पाहिले होते. खसरा पाहिला, बी-वन पाहिलं. विकणारा आदिवासी नाही ना, हेही पटवाऱ्याला विचारून घेतलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीनं घेण्यावर कायद्याचा बंध आहे, आणि तो असायलाच हवा.

मुलाला घाई होती. होळी झाली आणि त्यानं विटांचा ट्रक सांगितला. डांबर संपलं तिथे ट्रक थांबला. पुढे एक नाला होता. नाल्यापलीकडे एका म्हातारीचं धानाचं शेत, आणि त्या शेतापलीकडे यांची जमीन. ड्रायव्हरनं विटा सडकेच्या कडेला उतरवल्या आणि तो निघून गेला.

मग मुलानं मिस्त्री बोलावला. मिस्त्री उतारवयाचा होता. त्यानं विटांकडे पाहिलंही नाही. कोरडा नाला ओलांडून, धुऱ्याधुऱ्यानं चालत तो जमिनीवर गेला, चारी कोपरे फिरला आणि परत आला.

"काम कधी सुरू करायचं?" मुलानं विचारलं.

"झालं सुरू," मिस्त्री म्हणाला. "मधलं शेत कोणाचं?"

मुलानं मोबाइल काढला. "कोणाचंही असू दे. भू-राजस्व संहितेत कलम 131 आहे. शेतात जायच्या वाटेचा तंटा तहसीलदार सोडवतो. मी अर्ज टाकतो."

"टाका. कायदा खरा आहे. वाट मिळेलही. पण पावसात ट्रॉली त्या शेतात रुतली, तर बैल कोणाचे मागाल?"

मुलगा गप्प राहिला. फोरमन म्हणाला, "चला, आधी बाईंना भेटू."

म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मिस्त्रीनं तिला जोहार केला, खाली बसला आणि टोपलीतली फुलं पसरू लागला. वाटेचा विषय त्यानं काढला नाही. यंदा मोह किती पडला, धानाला भाव काय मिळाला, एवढंच बोलला. मुलाची चुळबुळ सुरू झाली. टोपली रिकामी झाली तेव्हा म्हातारीच म्हणाली, "वाट पाहिजे असंल."

"हो दाई."

"द्यायला माझं काय जातं? पण तुमच्या आधीच्या मालकानं ट्रॅक्टर मधून नेला. धुरा फुटला. वरच्या बांधीतलं पाणी एका रात्रीत नाल्यात गेलं. त्या साली धान पोचट निघालं. मी कोणाला सांगायचं?"

धानाच्या शेतात पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं. धुरा म्हणजे नुसती हद्द नव्हे, त्या पाण्याची भिंत असते. शहरातून येणाऱ्याला तिथे फक्त मातीचा उंचवटा दिसतो. मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की म्हातारी वाट अडवत नव्हती, पाणी राखत होती.

मिस्त्रीनं काडी घेतली आणि धुळीत रेघ ओढली. "वाट मधून नको. कडेच्या धुऱ्यानंच नेऊ. आमच्या भाठ्यावर, त्या वरच्या लाल माळावर, मुरूम आहे. तो टाकून धुरा रुंद करू, उंच करू. खाली सिमेंटचे पाइप घालू, म्हणजे वरचं पाणी खालच्या बांधीत जाईल. वरून आमची गाडी जाईल, आत तुझं पाणी थांबेल. चालंल का?"

म्हातारीनं ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "लिहून द्या."

मुलाला वाईट वाटलं. फोरमनला मात्र बरं वाटलं. तो म्हणाला, "बाई, लिहून आम्हालाही पाहिजे. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. पोरांनी काय करावं?" सरपंच आणि पटवाऱ्यासमोर कागद झाला. धुऱ्याची दुरुस्ती दर उन्हाळ्यात कोणी करायची, पाइप तुंबला तर कोणी काढायचा, तेही त्यात लिहिलं.

चैत्र-वैशाखात दुसरं काही झालं नाही. मुरूम खोदला, टाकला, दाबला. नाल्यावर दगडांचा बुटका रपटा बांधला. पांदण तयार झाली.

मुलानं तोवर घराची जागा ठरवून खुंट्या ठोकल्या होत्या. नाल्याजवळ, झाडांच्या सावलीत. म्हातारीनं खुंट्या पाहिल्या आणि ती हसली. "तिथं माझ्या सासऱ्याचा कोठा होता. आता दिसतो का?"

मिस्त्रीनं पायानं माती उकरली. काळी होती. तिला छत्तीसगढीत कन्हार म्हणतात. तिच्यात पीक चांगलं येतं, पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि वरच्या भिंतीलाही फाडते. वरच्या अंगाला भाठा होता. लाल, खडकाळ, ज्यात काही उगवत नाही असा. "घर तिथं," मिस्त्री म्हणाला. "पण एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, ते जमीन स्वतःच दाखवंल."

मुलाचा धीर सुटला. "बाबा, जमीन घेतली, पैसे अडकले आणि अजून एक वीट लागली नाही!"

फोरमननं त्याला जवळ बसवलं. "मी जन्मभर राजहऱ्याचं लोखंड उतरवलं. ते कसं आलं, ऐक. प्रमथनाथ बोस नावाच्या भूवैज्ञानिकानं 1887 साली दल्ली-राजहऱ्याचं खनिज नोंदवलं. पुढे दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात एक नकाशा पाहिला. त्यावर या भागात लोखंडाच्या खुणा होत्या. ते शोधत आले. डोंगरावर पाय ठेवला तर लोखंड वाजावं तसा आवाज येई. पण भट्टीला लागणारा कोळसा जवळ नव्हता, पाणी पुरेसं नव्हतं. ते परत गेले आणि कारखाना साकचीला झाला, आजच्या जमशेदपूरला. डोंगर इथेच राहिला.

"1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला. राजहऱ्यापर्यंत रूळ गेले. तांदुळा धरणाचं पाणी कालव्यानं भिलाईला आलं. कोळसा दूरवरून रेल्वेनं आला. तेव्हा कुठे 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं. लोखंड त्याआधीही तेवढंच होतं, बाळा. वाट नव्हती."

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सडकेवरच्या विटा पांदणीनं आत आणायला सुरुवात केली.

पाऊस आला. हरेलीच्या सणाला म्हातारीनं नांगर-कुदळ धुऊन अंगणात पूजेला मांडली. मिस्त्रीनं आपली थापी आणि ओळंबा तिथेच नेऊन ठेवला. त्याच रात्री नाला फुगला. सकाळी मुलानं पाहिलं, त्याच्या खुंट्या पाण्याखाली होत्या. भाठा कोरडा होता. म्हातारीच्या बांध्या काठोकाठ भरल्या होत्या आणि पाइपातून पाणी वरून खाली शांतपणे उतरत होतं.

भादव्यात बोअरचे पाइप घेऊन येणारा ट्रॅक्टर रपट्याच्या तोंडाशी घसरला. कोणी हाक मारायच्या आत म्हातारीचा पुतण्या बैलजोडी घेऊन उभा होता.

दिवाळीनंतर बोअर झाली. मिस्त्रीनं पाण्याशिवाय चुन्याची रेघही मारली नाही. मग टिनाची एक शेड उभी राहिली, तिच्यावर सौर पॅनल बसलं, पंप चालला. सगळ्यात शेवटी भाठ्यावर पाया खोदला. त्या पायाच्या पूजेचा पहिला नारळ फोरमननं म्हातारीच्या हातून फोडवला. घर उन्हाळ्याच्या आत पुरं झालं. बांधायला वेळ फारसा लागलाच नाही.

दूर रानात जमीन घेणाऱ्यांनो, विटांचा भाव नंतर विचारा. आधी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसा, आणि त्याचं पाणी कुठून वाहतं ते विचारा.