शेत माझं, हरीण कोणाचं?

समजा, अमेरिकेत तुमची ४० एकर जमीन आहे. रीतसर विकत घेतलेली, कागदपत्रं तुमच्या नावावर, दरवर्षीचा प्रॉपर्टी टॅक्सही तुम्हीच भरता. नोव्हेंबरच्या एका सकाळी त्या जमिनीवर पांढऱ्या शेपटीचं एक हरीण येऊन उभं राहतं. उन्हाळाभर त्यानं तुमचाच मका आणि तुमचंच सोयाबीन खाल्लंय. त्याची शिकार करायची तर तुम्हाला सरकारकडून लायसन्स घ्यावं लागावं का?

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी बंदूक हातात धरलेली नाही. मीही नाही. शिकार चांगली की वाईट, हा वाद मी इथे घालणारही नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो बंदुकीपेक्षा जुना आहे: ‘माझं’ म्हणजे नक्की कुठवर माझं?

आधी नियम बघू. अमेरिकेत हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. टेक्ससमध्ये स्वतःच्या जमिनीवर हरीण मारायचं असलं तरी लायसन्स लागतं आणि मारलेल्या हरणाला त्या लायसन्सबरोबर मिळालेला टॅग लावावा लागतो. ओहायोमध्ये उलट आहे. तिथे राहणाऱ्या जमीनमालकाला, त्याच्या जोडीदाराला आणि मुलांना स्वतःच्या जमिनीवर लायसन्सही लागत नाही आणि हरणाचं वेगळं परमिटही लागत नाही. ‘बघा, माझी जमीन, माझा हक्क!’ असं वाटून इथे थांबलात, तर फसाल. ओहायोच्या मालकालाही सीझन पाळावा लागतो, ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त हरणं मारता येत नाहीत, कागदावर नाव, तारीख, वेळ आणि काउंटी लिहून स्वतःच टॅग तयार करावा लागतो आणि शिकारीची नोंद ठरलेल्या मुदतीत राज्याकडे करावी लागते. म्हणजे माफी फक्त पैशांची आणि परवानगीची. मर्यादा आणि हिशोब यांतून कोणीच सुटत नाही.

‘लायसन्स’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो: फी, मर्यादा आणि नोंद. त्या वेगवेगळ्या केल्या की भांडण कशावरून आहे ते नीट दिसतं.

जमीन माझी, तर तिच्यावरचं सगळं माझं, हे ऐकायला सरळ वाटतं. पण जगात कुठेच ते पूर्ण खरं नाही. टेक्ससमध्ये जमिनीखालचं तेल बहुधा जमीनमालकाचं असतं (आधीच्या कोणी ते हक्क वेगळे काढून विकले नसतील तर), पण वरून चालत जाणारं हरीण मात्र त्याचं नसतं. तिथला कायदा सांगतो की राज्यातले वन्यप्राणी राज्यातल्या जनतेचे आहेत. आपल्याकडे सातबारा नावावर असला तरी खालची खनिजं सरकारची असतात आणि स्वतःच्या शेतातला मुरूम उचलून विकायचा तर महसूल खात्याची परवानगी लागते. मालकी म्हणजे हक्कांची एक मोळी. त्यातल्या कुठल्या काड्या तुमच्या हातात द्यायच्या, हे समाज ठरवतो.

मग हरणाची काडी मालकाच्या हातात का नाही?

एक जुनं उत्तर असं होतं की वन्यप्राणी कोणाचाच नसतो, जो पकडेल त्याचा. न्यूयॉर्कमध्ये १८०५ साली एका कोल्ह्यावरून खटला झाला. पोस्ट नावाचा माणूस कुत्री घेऊन त्याच्या मागावर होता आणि मध्येच पियर्सननं तो मारून नेला. कोर्ट म्हणालं, नुसता पाठलाग करून मालकी येत नाही, प्राणी प्रत्यक्ष ताब्यात यायला हवा. दोन माणसांचं भांडण मिटवायला हा नियम ठीक आहे. पण देशभर तोच चालला तर काय होतं, हे एकोणिसाव्या शतकानं दाखवलं. आभाळ झाकून टाकणारे पॅसेंजर पिजनचे थवे संपले. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्याच ओहायो राज्यात १९०४ पर्यंत एकही हरीण उरलं नव्हतं. नंतर बाहेरून हरणं आणून सोडली, जपली आणि १९४३ साली फक्त तीन काउंट्यांमध्ये शिकारीचा पहिला सीझन उघडला. आज ८८ च्या ८८ काउंट्यांमध्ये हरणं आहेत.

माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो. त्या ४० एकरांवर आज सकाळी उभं असलेलं हरीण आपोआप आलेलं नाही. अनेक वर्षं असंख्य लोकांनी गोळी झाडायची टाळली म्हणून ते आहे. त्यात शेजारी होते, अनोळखी होते आणि जमीन नसलेलेही होते. त्यांच्या संयमाचं फळ मालकाच्या दारात उभं आहे. ‘ते माझ्या हद्दीत आहे’ एवढ्यानं त्या सगळ्यांचा वाटा पुसला जात नाही.

आणि हद्द तरी केवढी? या जातीच्या हरणाचा वावर ढोबळमानानं एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर धरला, तर ४० एकरांचे सोळा मालक एकाच हरणाला ‘माझ्या शेतातलं’ म्हणत असतात. सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ रोजचा आहे. सोळा प्रोग्रॅम एकच आकडा वाचतात, प्रत्येकाला वाटतं ‘चार शिल्लक आहेत, मी एक घेतो’, आणि सगळे मिळून सोळा घेऊन बसतात. त्यात लबाड कोणीच नसतो. फक्त सामाईक मोजदाद नसते. हरणाला लावलेला टॅग म्हणजे ती मोजदाद.

विरोधी बाजूही पोकळ नाही. इंग्लंडमध्ये राजाच्या राखीव जंगलातलं हरीण राजाच्या मौजेसाठी होतं, आणि १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’नं हरीणचोरीसाठी थेट फाशी ठेवली होती. ती आठवण असलेल्या माणसाला सरकारी टॅग म्हणजे नव्या राजाची मोहोर वाटली, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. फरक एवढाच की इथे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८९६ साली राज्यांना वन्यप्राण्यांची मालकी बहाल करणारा निकाल दिला होता. १९७९ साली त्याच कोर्टानं तो रद्द केला. रक्षणाचा अधिकार मात्र राज्यांकडेच राहिला. विश्वस्ताला मौज करता येत नाही, हिशोब द्यावा लागतो. १९३७ च्या एका कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. तो राज्यांना वाटताना निम्मा वाटा क्षेत्रफळावर आणि निम्मा लायसन्सधारकांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे लायसन्सची फी निव्वळ दंडेली नाही. ती कुठे जाते, हे विचारता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. हरीण सगळ्यांचं म्हणता, पण मका एकट्याचा खाल्ला जातो. शहरात बसून ‘वन्यजीव आपला वारसा आहे’ म्हणणाऱ्याचं एक कणीसही जात नाही. ओहायोत यासाठी नुकसान करणारी हरणं मारायची वेगळी परवानगी मिळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद केली, आणि तेही मला योग्यच वाटतं. पण विदर्भात रात्र-रात्र मचाणावर बसून रोही आणि रानडुकरं हाकलणाऱ्या शेतकऱ्याला त्या योग्यतेची किंमत विचारा. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण त्यासाठी अर्ज आणि पंचनाम्याच्या वाटेनं जावं लागतं, आणि तोवर हंगाम थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंनी आहे. अमेरिकेतल्या जमीनमालकाकडून फी घ्यायची की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. टेक्सस आणि ओहायोनं तो वेगवेगळा सोडवला, दोघांचंही चालतं. मर्यादा आणि नोंद मात्र त्याला टाळता येऊ नये, कारण ते हरीण त्याच्या एकट्याचं कधीच नव्हतं. पण ज्या तत्त्वावर आपण त्याचा हात धरतो, तेच तत्त्व आपल्यालाही लागू होतं. हरीण सगळ्यांचं असेल, तर त्यानं खाल्लेलं पीकही सगळ्यांनी मिळून भरून द्यायला हवं, तेही वेळेवर, आणि शेतकऱ्याला याचक न बनवता. हक्क सामाईक आणि तोटा एकट्याचा, अशी वाटणी भावाभावांत झाली असती तर आपण तिला सरळ लबाडी म्हटलं असतं.